गणेशपुरीचा जावई

भिवंडी,
४ ऑगस्ट २०२४

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. मी "ताई, अगं" म्हणते, तू "थांब, आधी हे सांग" म्हणतेस, आणि मग मी नुसती उत्तरं देत राहते. कोर्टातून निवृत्त झालीस, पण उलटतपासणी काही सुटली नाही तुझी. कागदावर तरी तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

बातमी अशी की मी हातमाग घेतलाय. हसलीस ना? इथेही सगळे हसले. भिवंडीत गल्लोगल्ली लूम खडखडतायत आणि ही बया घरात बसून हाताने कापड विणणार! आपल्या वरच्या मजल्यावरची रीमा, शाळेत चित्रकला शिकवते ती, म्हणाली, "मिठागरात राहून मीठ पिकवायला कुंडी आणलीस तू." पण आई गेल्यापासून लायब्ररीतून घरी आले की हातांना कामच नसायचं. किती वर्षं तिचं करण्यात गेली, आणि एकदम सगळं थांबलं. टीव्ही लावून बसायचे आणि काय पाहिलं ते आठवायचंच नाही. आता टेबलावर मावेल एवढा लाकडी माग आहे. ताणा लावायचा, धोटा इकडून तिकडे सरकवायचा, फणीने ठोकायचं. वीतभर कापडाला एक संध्याकाळ लागते. सूत शेजारच्या कारखान्यातलं, कोनावर उरलेलं मिळतं. एक आकाशी पंचा झाला आहे, कडा वाकड्या आहेत, पण माझा आहे.

रविवारी दुपारी रीमा येते विणायला. श्रीनाथ म्हणून एक जण येतात. एस.टी. स्टँडवर कंट्रोलर आहेत. माग पुण्याहून पार्सलने आला, तेव्हा ओळख झाली.

तिकडे पाऊस कसा आहे? भावजींचा गुडघा?

तुझी,
नीरू

*

सांगली,
१२ ऑगस्ट २०२४

चि. नीरू,

तुझं पत्र वाचलं आणि पुन्हा वाचलं. मागावर पान भरलंस आणि त्या माणसाला दोन ओळी. जी गोष्ट माणूस दोन ओळींत उरकतो तीच खरी असते, एवढं मी कोर्टात बसून शिकले.

आता माझे प्रश्न, आणि इथे तूही मला मध्ये तोडू शकत नाहीस. "श्रीनाथ म्हणून एक जण." आडनाव लिहायचं विसरलीस की टाळलंस? वय काय? घरी कोण? जाणता बाप्या रविवारी दुपारची झोप सोडून परक्या बाईच्या घरी सूत विणायला का येतो? कंट्रोलरला हातमागाचं काय पडलंय? पार्सल आलं तर सही घेऊन द्यायचं, ओळख कशाला व्हायला हवी?

कौटुंबिक दाव्यांचे कागद लावण्यात माझा जन्म गेला. फसवणारा माणूस कधी फसवणाऱ्यासारखा दिसत नाही गं. तो मदतीला येतो. बाईला जे आवडतं तेच त्यालाही एकाएकी आवडायला लागतं. तू एकटी आहेस, आई-बाबांचं घर आहे, विचारायला कोणी नाही. बाहेरून बघणाऱ्याला हे लगेच दिसतं.

रीमा असतानाच तो येतो ना? की रीमा नंतर जाते?

भावजींचा गुडघा तसाच आहे.

ताई

*

भिवंडी,
२१ ऑगस्ट २०२४

प्रिय ताई,

पाकीट उघडताना वाटलं, आरोपपत्रच आलंय.

श्रीनाथ करंदीकर. वय चौपन्न. घटस्फोटित, मूल नाही. घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली, बायकोचं वाईट बोलत नाही. "आमचं जमलं नाही, चूक कुणा एकाची नव्हती," एवढंच. सिगरेट नाही, तंबाखू नाही. चहा फार.

पार्सलचं म्हणशील तर मीच स्टँडवर भांडायला गेले होते, खोकं एका बाजूने फुटलं होतं म्हणून. तो म्हणाला, "भांडा, पण आधी आत काय आहे ते सांगा, मघापासून विचार करतोय." मी सांगितलं. त्याने तिथेच खोकं उघडायला लावलं, एकेक लाकूड मोजून घेतलं आणि म्हणाला, "यावर खरंच कापड होतं? मला बघायला बोलवाल का?" असं झालं ते. पुढच्या रविवारी आला, आणि बघता बघता शिकायलाच बसला.

त्याला विणता येत नाही, ताई. सूत इतकं ओढतो की कापड मधोमध आवळत जातं. त्याच्या पहिल्या पंच्याला रीमा "कमरेत बारीक" म्हणते. तो रागावत नाही. उसवतो, पुन्हा विणतो, पुन्हा तेच. मागच्या रविवारी वीज गेली आणि आसपासचे सगळे लूम एकदम थांबले. तुला आठवतं ना, ती शांतता कशी कानात शिरते? त्या शांततेत फक्त आमच्या मागाचा टक् टक् आवाज. तो म्हणाला, "आता सगळ्या भिवंडीत तुम्हीच एकट्या विणताय." मला खूप बरं वाटलं.

रीमा त्याच्या आधी निघते, हेही सांगून टाकते. तो नंतर चहा घेऊन जातो. बस्स. आणि गुरुवारी त्याची सुट्टी असते, तेव्हा गणेशपुरीला दर्शनाला जातो, दर गुरुवारी. असा माणूस आहे.

झालं समाधान?

नीरू

*

सांगली,
२ सप्टेंबर २०२४

चि. नीरू,

पहिल्या पत्रात "ते" होते, या पत्रात "तो" झाला. तुला कळलंही नसेल.

मी काही तुझी वैरीण नाही. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माझ्या बहिणीला कुणाच्या चार शब्दांनी बरं वाटलं, तर मला का वाईट वाटेल? तू आई-बाबांचं केलंस, मी लग्न करून निघून आले, हे मी विसरलेले नाही. म्हणूनच जपते. तू माणसं पुस्तकांसारखी वाचतेस, मुखपृष्ठ बघून खूश होतेस.

तू म्हणतेस दर्शनाला जातो. बरं. त्याला एकदा सहज विचार, दर्शन किती वेळाचं असतं. आणि दर गुरुवारी त्या म्हातारीच्या ओट्यावर जेवायला बसताना त्याला तुझी आठवण येते का, तेही विचार. मला उत्तर कळवू नकोस. तुझं तू ऐक.

गणपतीला येणं जमणार नाही. आरतीचं तबक आईचं आहे ते काढ, माळ्यावर आहे.

ताई

*

भिवंडी,
१६ सप्टेंबर २०२४

ताई,

कुठली म्हातारी?

तुझं पत्र आलं तेव्हा गणपतीच्या गडबडीत मी ते नीट वाचलं नाही. आता क्रमाने सांगते काय झालं ते, म्हणजे तुलाही कळेल तू काय केलंस.

गणपतीच्या आधी स्टँडवरच्या चहावाल्याने श्रीनाथला सांगितलं, कुणीतरी तुमची चौकशी करतंय. राहतो कुठे, सुट्टीला कुठे जातो, कुणाबरोबर दिसतो. श्रीनाथने मला सांगितलं आणि विचारलं, "तुम्ही कुणाला माझ्याबद्दल काही बोललात का?" मी नाही म्हणाले. माझा संशय रीमावर गेला. तिलाच गुरुवारचं माहीत होतं, आणि शाळेत ती गप्पांत काहीबाही बोलते. ऋषिपंचमीच्या दिवशी जिन्यात तिला गाठून मी नाही नाही ते बोलले. ती रडली. "मी तुझ्यासाठी देवाजवळ काय मागितलं ते तरी विचार," म्हणाली आणि दार लावून घेतलं. त्या दिवसापासून रविवार बंद आहे.

काल कपाट आवरताना तुझं पत्र हाताला लागलं. मी तुला फक्त दर्शनाचं लिहिलं होतं. म्हातारीचं नाही, ओट्याचं नाही, जेवणाचं नाही. मलाच माहीत नव्हतं तर लिहिणार कुठून?

रीमाची मी आज माफी मागून आले. तिने चहा दिला, पण समोर बसली नाही.

तू कुणाला पाठवलंस, ताई?

नीरजा

*

सांगली,
२३ सप्टेंबर २०२४

नीरू,

भावेशला पाठवलं. मावशीचा भावेश. त्याचं गोडाऊन गणेशपुरीच्याच रस्त्यावर आहे, तो करंदीकरच्या मागोमाग स्कूटरवर गेला. मला यात लाज वाटत नाही. तू चिडशील, चीड. पण आता ऐक.

गणेशपुरीला अनसूयाबाई म्हणून एक बाई राहतात, मास्तरांच्या विधवा. करंदीकर दर गुरुवारी त्यांच्याकडे जातो. भावेश पाणी प्यायच्या निमित्ताने ओट्यावर गेला. बाईंनी स्वतः सांगितलं, हा माझा जावई. मुलगी नेत्रा मस्कतला नोकरीला आहे, जावई इथलं बघतो. भावेशने शेजारीपाजारी विचारलं. एका बाईने सांगितलं, "हां, जावई हाय, लय चांगला हाय." दुसरीने सांगितलं, मुलगी दिवाळीला येते. घटस्फोट हा शब्द तिथे कुणाच्या तोंडी नाही.

म्हणजे भिवंडीत घटस्फोटित आणि गणेशपुरीत जावई. परदेशात बायको आहे, सासूच्या हातचं गुरुवारी जेवतो आणि रविवारी तुझ्याकडे चहा. मी काय वेगळं सांगत होते?

मला दाखव यात मी कुठे चुकले.

ताई

*

भिवंडी,
१ ऑक्टोबर २०२४

ताई,

मी त्याला विचारलं. स्टँडवरच, कंट्रोल केबिनच्या खिडकीतून. घरी बोलावून विचारायची हिंमत नव्हती, घरी मी ऐकून घेतलं असतं.

म्हटलं, "तुमचा घटस्फोट झालाय ना?" तो म्हणाला, "झालाय." म्हटलं, "मग गणेशपुरीला तुम्ही कोण?" मागे वाड्याची बस लागली होती, ती पुकारायची होती, ती त्याने पुकारली नाही. मग म्हणाला, "माझे कागद खरे आहेत. पण त्या बाई जे सांगतात त्याला मी खोटं म्हणणार नाही." मी विचारलं, "म्हणजे काय?" तो म्हणाला, "यापुढे मला सांगता येत नाही. तुम्हाला जे वाटेल ते बरोबर."

आणखी एक गोष्ट तुला लिहिली नव्हती. जुलैत मी त्याच्या पिशवीत बायकांच्या चपला पाहिल्या होत्या, नव्या. मी विचारलं नाही. मला विचारायचं नव्हतं. म्हणजे संशय तुझ्या एकटीचा नव्हता, मी माझा गिळून बसले होते.

मागावर चादर टाकली आहे. तू जिंकलीस. पण तू मला विचारून माझ्या डोळ्यांदेखत हे केलं असतंस, तर आज रडायला मी तुझ्याकडेच आले असते. तू माझ्या पाठीमागे माणूस लावलास. आता फोन करू नकोस, मी घेणार नाही. पत्र लिहू नकोस. आणि दिवाळीला इथे येऊ नकोस.

नीरजा

*

गणेशपुरी,
२५ ऑक्टोबर २०२४

नीरू,

माझं अक्षर बघून तू फाडशील म्हणून पाकिटावरचा पत्ता लॉजवाल्याकडून लिहून घेतला आहे. हो, मी गणेशपुरीत आहे. भिवंडी स्टँडवर उतरून तशीच दुसऱ्या बसमध्ये चढले, आपल्या आळीकडे वळले नाही. येऊ नकोस म्हणालीस, ते पाळलं.

इथे का आले ते आधी सांगते. तुझी समजूत काढायला नव्हे. तुझं "तू जिंकलीस" वाचल्यापासून मला झोप लागेना. कागद खरे आहेत आणि बाईही खोट्या नाहीत, असं कसं होईल? माझ्या सगळ्या नोकरीत असा जबाब मी ऐकला नव्हता. ह्यांना म्हटलं, देवदर्शनाला जाते. ते म्हणाले, "कुठल्या देवाचं नशीब फुटलंय?"

बुधवारी दुपारी अनसूयाबाईंच्या ओट्यावर गेले. ऐंशीच्या पुढची बाई, पाठ वाकलेली, सुपात वाल निवडत होती. म्हटलं, "पाणी मिळेल का?" तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "सांगलीहून? एकट्याच? दर्शनाला?" मी हो म्हणाले. तांब्या पुढे करून म्हणाली, "मागे एक स्कूटरवाला आला होता असाच पाणी प्यायला. त्याला पाण्यापेक्षा माझ्या जावयाची तहान जास्त होती. तुम्हाला कशाची आहे?"

मी काहीतरी गुळमुळीत बोलले. ती म्हणाली, "उद्या गुरुवार. जावई येईल. या जेवायला. समोरासमोर काय ते विचारा."

काल गेले. तो आधीच आलेला होता. ओट्याच्या पायरीवर बसून, चष्मा नाकावर ओढून तो तिच्या पायांची नखं कापत होता. एकेक बोट धरून, सावकाश. तिला वाकता येत नाही आणि कुणा परक्याला ती पायाला हात लावू देत नाही. बाजूला नव्या चपला होत्या, पट्टा सैल केलेल्या. तू पिशवीत पाहिल्या होत्यास त्याच असाव्यात. पाय सुजतात तिचे.

मी उभी राहिले आणि म्हटलं, "मी नीरजाची बहीण."

त्याचा हात थांबला. म्हातारीने विचारलं, "कोण नीरजा?" त्याने पुढचं बोट धरलं. तिने पुन्हा विचारलं, "श्रीनाथ, कोण नीरजा?"

"कोणी नाही, आई," तो म्हणाला.

मला वाटलं, सापडला! तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "कोणी नाही म्हणताना हात थरथरतोय तुझा. बोट कापशील माझं. ठेव ते खाली." मग आम्हा दोघांना आत घेतलं आणि दार लोटून घेतलं.

आता तिने सांगितलं ते लिहिते. नेत्राचा आणि त्याचा घटस्फोट रीतसर झालेला आहे. नेत्राने मस्कतला दुसरं लग्न केलं, तिला एक मुलगी आहे. म्हातारीला हे गावात सांगवलं नाही. मास्तरांची मुलगी, सगळ्या गावाला त्यांनी शिस्त शिकवलेली, आणि आपल्याच घरात हे. तिने कुणाला काही सांगितलंच नाही. पुढे ती अंगणात पडली, खुबा मोडला. नेत्रा तिकडे अवघडलेली, येऊ शकत नव्हती. याला एका ड्रायव्हरकडून कळलं, म्हणून हा नुसता बघायला आला. दारात जमलेल्या बायका ओरडल्या, "जावई आले, जावई आले!" म्हातारी म्हणाली, "मी अंथरुणातून याच्याकडे बघितलं. याने नाही म्हटलं असतं तर त्या दिवशी मी मेले असते. हा म्हणाला, हो, आलो." तेव्हापासून दर गुरुवारी येतो. तिने त्याच्याकडून शब्द घेतला होता, कुणालाही सांगायचं नाही. भिवंडीतही नाही, कारण बस रोज इकडे येते आणि बसबरोबर बोलणंही येतं.

खोड जात नाही माझी. मी निकालाची प्रत दाखवा म्हटलं. त्याने मुकाट्याने मोबाइलमधला फोटो दाखवला. कागद खरा आहे.

मग मी म्हातारीला विचारलं, "आणि यांना पुन्हा लग्न करावंसं वाटलं तर?"

"तो कधी बोलला नाही."

"तुम्ही कधी विचारलंत?"

ती पदराने डोळे पुसत राहिली. मग उठून जेवण वाढलं, वालाचं बिरडं, भात. तो मला लॉजपर्यंत सोडायला आला. म्हणाला, "नीरजाला यातलं सांगू नका. तिला वाटेल, मी म्हातारीला पुढे करून सहानुभूती मागतोय." मी म्हटलं, "मी आजवर तिच्यापासून लपवूनच सगळं केलं. आता सांगणार."

नीरू, मी चुकले. माणसाबद्दल चुकले ते एक वेळ चालेल, पुढेही चुकेन. पण तुला बाजूला ठेवून तुझा फैसला करायला बसले, तिथे खरी चुकले. रीमाचं आणि तुझं माझ्यामुळे बिनसलं, तिलाही लिहिते आहे.

काय करायचं ते तू ठरव. मी सल्ला देत नाही. लिहितानाच किती जड जातंय बघ.

उद्या पहाटेच्या बसने निघते.

ताई

*

भिवंडी,
८ नोव्हेंबर २०२४

प्रिय ताई,

दिवाळीत लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं. पाकीट मी फाडलं नाही. लॉजवाल्याने "भिवंडी"चा "भि" दीर्घ काढला होता आणि तू तो तुझ्या पेनाने दुरुस्त केला होतास. तेवढ्यावर ओळखलं.

भाऊबीज झाल्यावर मी स्टँडवर गेले आणि श्रीनाथला म्हटलं, "गुरुवारी मीही येते." तो म्हणाला, "कशाला? तिथे मी तुम्हाला काय म्हणून नेऊ?" मी म्हटलं, "पाणी प्यायला. आमच्या घरात रीतच आहे." तेव्हा कुठे तो हसला.

बसमध्ये आम्ही ठरवून टाकलं. म्हणजे मीच ठरवलं. म्हातारीचं वय बघता तिचं पांघरूण ओढून काढण्यात काय अर्थ आहे? तो गुरुवारी जावई राहू दे, रविवारी माझ्याकडे येऊ दे. लग्न नाही झालं तरी चालेल. एवढी वर्षं नव्हतंच झालेलं. वज्रेश्वरी मागे पडलं तेव्हा श्रीनाथने विचारलं, "आणि ताईंना काय सांगाल?" मी म्हटलं, "तिला काही सांगावं लागत नाही, ती शोधून काढते."

अनसूयाबाई ओट्यावरच होत्या. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी आशीर्वाद दिला नाही, नुसतं बघत राहिल्या. मी शेजारी बसून हळूच सगळं सांगितलं. म्हटलं, "आई, तुम्ही काळजी करू नका. आमच्याकडून कुणाला काही कळणार नाही. मला घाई नाही. तुम्ही आहात तोवर असंच चालू दे."

ताई, ती बाई अशी भडकली!

"म्हणजे माझ्या मरणाची वाट बघत बसणार होय गं तुम्ही दोघं?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. श्रीनाथ "आई, तसं नाही" म्हणत उठला. तिने त्याला हाताने गप्प केलं. "तू बस. तुझी बहीण येऊन गेल्यापासून," हे मला, "मी नीट जेवलेले नाही. मला म्हणाली, तुम्ही विचारलंत का. कुणी मला असं तोंडावर बोललं नव्हतं." काठी घेतली, भिंतीला धरून उभी राहिली आणि अंगणाच्या कडेला जाऊन हाक मारली, "सुवर्णा! ए सुवर्णा! इकडे ये, आणि भागीलाही घेऊन ये."

सुवर्णा म्हणजे शेजारची, भावेशला "लय चांगला हाय" सांगणारी तीच. भात झोडताना हाक आली म्हणून अंगाला तूस लागलेलं तशीच आली, मागून तिची जाऊ भागी आली. अनसूयाबाई माझा दंड धरून उभ्या होत्या.

"ही नीरजा," त्या म्हणाल्या. "श्रीनाथ हिच्याशी लग्न करणार आहे."

अनसूयाबाईंचा आवाज चढला. "माझ्या नेत्राने तिकडे दुसरं लग्न केलंय. कधीच केलंय. मी तुम्हाला खोटं सांगत आले. आता हसायचं तर हसा."

सुवर्णाने भागीकडे पाहिलं. मग म्हणाली, "काकू, आमाला ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"नेत्राताईचं. पयल्यापासनं ठावं हाय. तिची पोर पन बघितली फोटूत, भागीच्या पोरानं मोबाइलवर दाखवली. तुमी बोलत न्हाय, म्हनून आमी पन न्हाय बोललो. तो स्कूटरवाला आला ना चवकशी करत, त्याला पन आमी तुमचंच सांगितलं. परका मानूस, त्याला कशाला घरातलं सांगायचं?"

भागी म्हणाली, "मी तर नेत्राताई दिवालीला येते, असं पन ठोकून दिलं."

अनसूयाबाई मटकन खाली बसल्या. मला वाटलं, आता रडतील. रडल्या नाहीत. त्या भयंकर चिडल्या. "म्हणजे सगळ्या आळीने मला वेड्यात काढलं! आणि मी इकडे एकेक शब्द जपून बोलतेय! दिवाळीला नेत्राच्या नावाने करंज्या जास्त करत होते, त्या तुम्हीच खात होतात ना गं!" सुवर्णा म्हणाली, "मंग? चांगल्या व्हत्या." त्यानंतर त्या दुपारभर सुवर्णाशी बोलल्या नाहीत. सुवर्णा आपली चुलीवर आमच्यासाठी चहा ठेवून, त्यांच्याकडे पाठ करून हसत होती. श्रीनाथ परसात तोंड धुवायला गेला तो कितीतरी वेळ आलाच नाही. मी गेले, तर नळ चालू सोडून उभा होता. मी नळ बंद केला. तिथे उभ्या उभ्या त्याने मला विचारलं, नीट, शब्दांत. मी हो म्हणाले.

आल्यावर रीमाला सगळं सांगितलं. तुझं पत्र तिला मिळालंय. ती म्हणाली, "तुझी बहीण माफी मागते की दम देते, तेच कळत नाही." पण रविवारी खाली येणार आहे.

आता शेवटचं. आज नोंदणीचा अर्ज दिला, तारीख डिसेंबरातली मिळाली आहे. आम्ही निघताना अनसूयाबाई श्रीनाथला म्हणाल्या, "मुलाकडून मी बसणार. मला गाडी पाठव, बसने मी येणार नाही. सुवर्णाही येईल माझ्याबरोबर, पण मी तिच्याशी बोलणार नाही." मग मला विचारलं, "आणि तुझ्याकडून कोण आहे?"

मी तुझं नाव सांगितलं. त्यांनी तोंड वाकडं केलं, आणि म्हणाल्या, "ती? बरं. तिच्याशी मला बोलायचंय."

तेव्हा ये, ताई. चार दिवस आधीच ये. फोन मी आता उचलते.

तुझी,
नीरू